टाळीचा बिघाड

फाईल उघडली तर तिच्यात चेंडू नव्हता. दादाही जवळजवळ नव्हता, त्याचा एक खांदा आणि मारून झालेली काठी तेवढी चौकटीच्या कडेला लोंबत होती. मागे भिंतीशी खुर्ची, खुर्चीत बाबा, आणि बाबांचे दोन हात एकमेकांकडे निघालेले. हा कॅमेरा सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढतो, त्यामुळे पडद्यावर सगळं सावकाश होत होतं. बोटं आधी टेकली, मग तळव्यांचं मांस दबलं, मनगटावरचं सैल कातडं कोपराकडे सरकलं आणि परत आलं. आवाज नव्हता, कॅमेरा आवाज ऐकतो, पण ठेवत नाही. बाबांचं तोंड उघडं होतं आणि ते हसत होते. मी पुढची फाईल उघडली. टाळी. तिच्या पुढची उघडली, त्यातही टाळीच. दादाच्या घरी, त्याच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत मी त्याच्या गोल्फच्या यंत्राचा कॅमेरा दुरुस्त करायला आलो होतो आणि स्टुलावर बसून बाबांच्या टाळ्या बघत होतो. 

हे माझं रोजचं काम. लोक घरातल्या एखाद्या मोठ्या खोलीत जाड पडदा लावतात, त्यावर हिरवळ उमटते, खालच्या चटईवरून खरा चेंडू त्या पडद्यावर मारायचा आणि मोकळ्या मैदानात तो किती लांब गेला असता ते यंत्रानं सांगायचं. समोरचा कॅमेरा मारणाऱ्याला टिपतो, म्हणजे कोपर कुठे वाकलं, कंबर केव्हा फिरली, हे नंतर सावकाश बघून हळहळता येतं. चार दिवसांपूर्वी दादाचा फोन आला होता. "छोट्या, माझा व्हिडिओच अर्धा येतो रे. काठी वर जाते आणि एकदम खालीच दिसते. मधला मी गायब." मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, तरी त्याच्यासाठी छोट्याच. तो बावन्नचा, दातांचा डॉक्टर. आणि खेळाशी त्याचा संबंध म्हणाल तर, बाबा शाळेत कवायतीचे मास्तर असून त्यांच्याच तासाला पोटदुखीची चिठ्ठी देऊन वर्गात वाचत बसणारा हा एकटा मुलगा होता. त्या चिठ्ठीवर पालक म्हणून सही बाबांचीच असायची. मैदानावर तीच चिठ्ठी शिक्षक म्हणून हातात घेताना ते तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी रांगेत उभा असायचो, उन्हात, दोन हातांचं अंतर ठेवून.

मला हेवा वाटला, हे सरळ सांगून टाकतो, उगाच आडवळणं घेण्यात अर्थ नाही. दादाच्या दवाखान्याचा मला हेवा वाटला नाही, घराचा नाही, या खोलीचाही नाही. अशा पन्नास खोल्या मी बघितल्यात आणि त्यांतल्या पंचेचाळीस सहा महिन्यांत अडगळीच्या होतात. मला हेवा वाटला तो त्या तळव्यांवरच्या दबलेल्या मांसाचा. बाबांची टाळी शाळेत प्रसिद्ध होती. एकच असायची. इतर मास्तर फटाफट वाजवत सुटायचे, बाबा महिनोन्महिने हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि एखाद्या दिवशी कुणीतरी खरंच काही केलं की हात पुढे यायचे आणि एक टाळी, कोरडी, लाकूड फुटावं तशी. ज्याला ती मिळाली तो दुसऱ्या दिवशी वेगळा चालायचा. आणि इथे, या डबड्यात, मी मोजल्या, एकशे त्र्याऐंशी होत्या. कुणासाठी, तर पडद्यावरच्या झाडीत चेंडू घालवणाऱ्या बावन्न वर्षांच्या ढेरपोट्या माणसासाठी.

बिघाड तीन होते, आणि पहिले दोन मी अगदी सचोटीनं काढले. व्हिडिओभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकत होत्या, तो दोष छतावरच्या एलईडीच्या पट्टीचा. डोळ्याला ती स्थिर दिसते, पण सेकंदाला शंभर वेळा मिचमिचत असते आणि कॅमेऱ्यापासून ते लपत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या धंद्यात असा शब्दशः सापडतो. पट्टीला वीज देणारा डबा बदलला, पट्ट्या गेल्या. मग मधली चित्रं गळत होती, कारण मारणाऱ्याला टिपणारा आणि चेंडू टिपणारा असे दोन्ही कॅमेरे एकाच लांब, बारीक केबलवर लोंबकळत होते. एक सोडवून थेट कॉम्प्युटरला जोडला. काठी आता उड्या न मारता फिरायला लागली. शिडीवरून उतरताना माझ्या लक्षात आलं, मी शीळ घालत होतो. काम जमत असलं की मी शीळ घालतो, आणि ती सवयही बाबांचीच आहे.

एवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. "भाऊजी, झालं का? चार वाजायच्या आत होऊ द्या, नाहीतर बाबा दारात उभे राहतील. दुपारची झोप सोडलीय त्यांनी. बूट घालून बसतात." मी विचारलं, कसले बूट. "खेळायचे. यांनी आणून दिले, पांढरे. मला म्हणतात, सूनबाई, लेस नीट बांधलीय का बघ." ती हसली. मीही हसलो. माझ्याकडे बाबा आठ दिवस राहिले होते, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि ते आठ दिवस ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्यातल्या चुका काढत होते. तेव्हाही त्यांनी तक्रार केली नाही. नवव्या दिवशी दादा गाडी घेऊन आला आणि त्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली. जिन्यात मी म्हटलं, बरे झाले की परत आणून सोड. दोघंही "हो हो" म्हणाले. याला दोन वर्षं झाली. जिन्याचंच कारण होतं, कुणाचं वाईट कशाला बोला. पण पांढरे बूट मला सुचले नव्हते हे खरं.

तिसरा बिघाड म्हणजे त्या टाळ्या. कॅमेरा सतत बघत असतो आणि सतत विसरत असतो. फक्त काठी चेंडूला लागल्याचा आवाज माइकनं ऐकला की मागचा दीड सेकंद आणि पुढचा अर्धा तो राखून ठेवतो आणि फाईल लिहायला घेतो. लिहिणं चालू असतानाच बाबांची टाळी व्हायची. लाकूड फुटावं तशी, म्हणजे माइकच्या दृष्टीनं दुसरा फटका. मग ते बिचारं यंत्र पहिली फाईल अर्धी टाकून दुसरीच्या मागे धावायचं. दादा गायब व्हायचा आणि बाबा उरायचे. याचा उपाय शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. सेटिंगमध्ये एक चौकोन असतो: एकदा ऐकल्यावर किती सेकंद दुसरं काही ऐकायचं नाही. आम्ही त्याला बहिरा वेळ म्हणतो. त्या चौकोनात शून्य होतं. तिथे तीन लिहायचे, झालं. माझं बोट तीनच्या बटणावर होतं. बाहेरून बुटांचा आवाज आला, नव्या रबराचा, आणि मी बोट उचललं.

बाबा आले, मागोमाग दादा दवाखान्यातला पांढरा कोट काढत. बाबा पंच्याऐंशीचे आहेत, पण मैदानावर येतात तसे आले, आधी खोलीभर नजर, मग माणसांकडे. "आलास का," मला म्हणाले. "वजन वाढलंय." खुर्चीत बसले, पाय जुळवून. दादानं चेंडू चटईवर ठेवला. मी म्हणालो, "बाबा, एक सांगायचं होतं. इथे टाळी वाजवायची नाही."

"का रे?"

"कॅमेरा फसतो. त्याला वाटतं परत चेंडू मारला. मग दादाचा व्हिडिओ अर्धवट राहतो."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बाबांनी ते नीट ऐकून घेतलं, ऐकताना मान थोडी कलती करून, नियम ऐकताना करायचे तशी. "म्हणजे इतके दिवस माझ्यामुळेच बिघडत होतं म्हण की." दादा म्हणाला, "मला तरी कुठे माहीत होतं, बाबा. जाऊ द्या, त्याला काय झालं." "जाऊ द्या कसं. यंत्राचा नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली घातले. पहिलीतली मुलं बाकावर घालतात तसे. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. किती वेळ बरं वाटलं हे नेमकं सांगता येणार नाही, कदाचित दीड सेकंद.

दादानं पाचसहा चेंडू मारले. व्हिडिओ स्वच्छ आले, एकही पट्टी नाही, एकही चित्र गळलेलं नाही, एकही टाळी नाही. खोलीत फक्त पडद्यावर चेंडू आदळल्याचा धप्प आवाज आणि नंतर पंख्याचा. दादा दर वेळी मारून झाल्यावर मागे वळून बघायचा आणि बाबा मान हलवायचे. तिसऱ्या चेंडूनंतर त्याचे खांदे आखडले. "मजा नाही येत रे," तो म्हणाला. "एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, इथे दोन असून वाजेना." स्वतःच हसला. दादा हा असाच आहे, त्याच्या मनात काही राहत नाही, आणि मला त्याच्यातलं सगळ्यात जास्त जर काही खुपत असेल तर तेच. माझ्या मनात सगळं राहतं. माझ्या मनात अजून त्या उडीच्या खड्ड्यातली वाळू आहे.

मी नववीत होतो, आंतरशालेय स्पर्धा, लांब उडी. बाबा पंच होते, फळीशी गुडघा टेकून, एका हातात पांढरा झेंडा, एका हातात लाल. तिसरी उडी मी मारली ती अजून माझ्या मांड्यांना आठवते. हवेत असताना मला वाटलं, खाली येऊच नये. वाळूत पडलो, मागे वळलो, तर बाबांच्या हातात लाल झेंडा वर. "पाय रेषेवर होता," ते म्हणाले. एवढंच. लोकांना वाटलं केवढा प्रामाणिक माणूस, स्वतःच्या मुलालासुद्धा सोडलं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, माझ्याबद्दल नव्हे, त्यांच्याबद्दल. घरी मी जेवलो नाही. आई प्रेक्षकांत बसली होती, ती माझ्या अंथरुणाशी येऊन म्हणाली, "अरे, टाळी वाजवायला हात उचलले होते त्यांनी. मी बघितलं. झेंडे खाली टाकले होते. मग फळीकडे नजर गेली आणि थांबले." मी तोंड भिंतीकडे केलं. आया असं बोलतातच. पाय रेषेवर होता की नव्हता, हात उठले होते की नव्हते, कुणाजवळच पुरावा नव्हता. नंतर मी याच धंद्यात का पडलो असं कुणी विचारलं तर मी सांगतो, विजेची आवड होती. पण पहिल्यांदा असा कॅमेरा हातात आला तेव्हा मी आधी काय केलं असेल, तर दुकानाच्या मागच्या गल्लीत खडूनं रेघ मारून स्वतःच्याच बुटाचं टोक टिपलं. कितीतरी वेळा. बूट रेषेच्या कधी अलीकडे पडायचा, कधी पलीकडे. त्यावरून काय सिद्ध होणार होतं, देव जाणे.

"तू एक मार," दादा काठी पुढे करत म्हणाला. "तपासायला लागेलच ना." लागतंच. तपासणीसाठी मी फटक्यानंतरचा राखायचा वेळ अर्ध्याऐवजी दोन सेकंदांचा केला आणि चटईवर उभा राहिलो. गेल्या दहा वर्षांत लोकांच्या खोल्यांत तपासणीचे इतके चेंडू मारलेत की हात आपोआप बसतो. हे दादाला माहीत नव्हतं, बाबांना तर नाहीच. पाठीमागे बाबांची खुर्ची, हे मला पाठीनं कळत होतं. काठी मागे नेली. वर ती क्षणभर थांबते तिथे थांबली. मग जे झालं ते माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. चेंडू लागला हे हाताला कळलंसुद्धा नाही, इतका तो मधोमध लागला. पडद्यावर तो निघाला तो झाडांच्या वर, सरळ, आणि बराच वेळ खाली आलाच नाही. यंत्रानं आकडा दाखवला. दादानं तोंडात बोट घातलं. "अरे हे कुठे शिकलास तू? बाबा, बघितलंत?" मी वळलो नाही. मी वाट बघत होतो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हातात भावाची काठी, पाठ भिंतीकडे, कान मागे. पंख्याचा आवाज येत होता. मग मला आठवलं, नियम मीच केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वळलो तेव्हा बाबांचे तळवे मांडीखाली होते. "चांगला गेला," ते म्हणाले. उडी मोजून झाल्यावर आकडा सांगायचे त्याच आवाजात.

मी कॉम्प्युटरशी गेलो आणि फाईल उघडली. मला माझी कंबर, कोपर काही बघायचं नव्हतं. चौकटीत मी मध्ये, चेंडू निघून गेलेला, माझ्या खांद्याच्या वर मागची खुर्ची. काठी माझ्या मानेमागे हळूहळू जात होती तेव्हा खुर्चीत काहीतरी हललं. मांडीखालून आधी उजवा हात निघाला, मग डावा. दोन्ही वर आले, छातीच्या उंचीला. बाबांचं तोंड उघडलं होतं, डोळे पडद्याकडे, आणि चेहऱ्यावर ते जे होतं ते मी एकशे त्र्याऐंशी वेळा दादासाठी बघितलं होतं, पण हे जास्त होतं, निदान मला तसं वाटलं. हात एकमेकांकडे निघाले. चित्रामागून चित्र. बोटं पसरलेली, अंगठे बाहेर. मग त्यांची नजर पडद्यावरून ढळली, खाली, कॅमेऱ्याच्या दिशेनं, सरळ माझ्याकडे आल्यासारखी, आणि हात थांबले. मधे वीतभर जागा होती. तिच्यातून सदऱ्याचं एक बटण दिसत होतं. ते तसेच राहिले, किती चित्रं ते मी मोजलं, एकतीस, आणि मग उलटे गेले, सावकाश, मांडीखाली. आई म्हणाली होती तसेच. मी ते परत लावलं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी पडद्याच्या अगदी जवळ वाकलो, काही तपासत असल्यासारखा. आई जाऊन सात वर्षं झाली, आता तिला सांगणार कसं की तू खरं बोलत होतीस.

"काय रे, आहे का काही अजून?" दादानं विचारलं.

"एक सेटिंग राहिलंय," मी म्हणालो, चौकोनात तीन लिहिले आणि तपासणीसाठी वाढवलेला वेळ परत अर्ध्या सेकंदावर आणला. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग बाबांच्या खुर्चीपाशी गेलो. "बाबा, आता वाजवलीत तरी चालेल. सोय केलीय."

ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं फळीशी गुडघा टेकून बसलेला माणूस. "मग ही सोय मघाशी होत नव्हती?"

"मघाशी... लक्षात नाही आलं."

 बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी मोज्यांवर होतो, बूट दाराशी काढलेले, तरी मी नकळत एक पाऊल मागे घेतलं. "बरं," ते म्हणाले.

"माझ्या चेंडूला वाजवणार होतात ना?" हे मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"होतो की. हात उचललेही होते. मग तुझा नियम आठवला." तळवे मांडीखालून काढून त्यांनी एकमेकांवर चोळले, मुंग्या आल्यासारखे. मी उभाच राहिलो. कशासाठी ते त्यांनाही कळलं असावं, कारण ते जरा नरमाईनं म्हणाले, "आता नको रे. तो चेंडू गेला. आता वाजवली तर ती उगाच होईल."

दादा चटईवर येऊन उभा राहिला होता. पाय फाकवले, ढेरी सावरली, काठी मागे नेली आणि मारला. चेंडू उजवीकडे वळून झाडीत शिरला. माझ्या मागे टाळी वाजली, एकच, कोरडी, खोलीभर. दादा वळून हसला, त्याचे खांदे एकदम मोकळे झाले. मी कॉम्प्युटरकडे बघत होतो. एक फाईल आली, दादाची, काठी वर जाण्यापासून खाली येईपर्यंत सबंध, एकही चित्र न गळता. थोडा वेळ थांबलो, दुसरी आली नाही. टाळीची नोंद कुठेच झाली नव्हती.

"झालं की नाही नीट?" दादानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि केबल गुंडाळायला घेतली.